वकिलाविरुद्धच्या तक्रारीची फाइल तयार करताना या चुका टाळा

‘वकील तारखेला यायचेच नाहीत.’ बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे, तक्रार द्यायला आलेला पक्षकार हे तळमळीने सांगतो आणि आपण तसंच टाइप करतो. मीही एकदा केलं. नंतर कोर्टाच्या नकला हातात आल्या, तर पाच तारखांपैकी दोन तारखांच्या रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत) वकिलांचा मुदतीचा अर्ज नोंदलेला. उरलेल्या तीन तारखांना खरंच कोणी फिरकलं नव्हतं आणि दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला होता. पण समोरून उत्तर आलं ते त्या दोन तारखांवरच, आणि आमच्या पक्षकार बाईंचं खरं गाऱ्हाणं मागे पडलं. ती चूक माझी होती.

तेव्हापासून आधी रोजनाम्याच्या नकला, मग तारीखवार तक्ता. ई-कोर्ट्स ॲपवरची नोंद तारीख शोधायला उपयोगी. फाइलला लावायची ती सही-शिक्क्याचीच नक्कल. तक्त्यात प्रत्येक ओळीसमोर कागदाचा पान क्रमांक हवा. कागद नसेल तर ‘पक्षकाराच्या सांगण्यावरून’ असं स्पष्ट लिहा.

हाच फरक पुढे सत्यापनात, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या सहीनिशी निवेदनात, लागतो. तक्रार मराठीतही देता येते, पण ती सही करून दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सत्यापित केलेली लागते. आदेश ६ नियम १५ प्रमाणे कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीतले आणि कोणते इतरांकडून कळून खरे मानलेले, हे क्रमांकासह सांगायचं असतं. जुन्या फाइलमधलं ‘परिच्छेद १ ते १२ माझ्या माहितीप्रमाणे खरे’ तसंच उचललं, की तक्रारदार उलटतपासात अडकतो. जे त्याने पाहिलंच नाही, त्यावरही त्याची सही असते.

व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट नुसते छापून जोडू नका. मूळ फोन जपायला सांगा, चॅट पुसू देऊ नका आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र आधीच तयार ठेवा.

खटला हरणं हे गैरवर्तन नाही, हे पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगायला हवं. समोरच्या पक्षाच्या वकिलाविरुद्धची तक्रार तर फार जपून घ्यावी. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच तक्रारींवरून महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला खडसावलं. कोणाच्या तरी सनदेचा, म्हणजे वकिली करण्याच्या परवान्याचा, प्रश्न असतो.

तडजोड झाली म्हणून फाइल बांधून ठेवणं हीसुद्धा चूकच. तक्रारदाराने माघार घेतली, एवढ्याच कारणाने ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ ची (गैरवर्तनाची) चौकशी बंद होत नाही. पुढची तारीख डायरीत राहू द्या.

आदेश आल्यावर पाकीट फेकू नका. त्याच ॲक्टच्या कलम ३७ खालच्या अपिलाचे ६० दिवस आदेश कळवल्यापासून मोजतात. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का आणि आवक नोंदवहीतली तारीख, दोन्हींची प्रत त्याच दिवशी फाइलला लावा.