साताऱ्यातील जुनी फरसबंदी कशी पाहावी

साताऱ्यात जुनी फरसबंदी पाहायला निघणाऱ्याने ती सलग रस्त्याच्या रूपात सापडेल, अशी अपेक्षा ठेवू नये. शाहू महाराजांच्या काळात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या पेठांतील बहुतेक बोळांवर आता डांबर किंवा काँक्रीट आहे, आणि घडीव दगड पाहायचा तर वाड्यांचे चौक, मंदिरांची आवारे, गडाच्या वाटा आणि नदीचे घाट येथेच जावे लागते. सुरुवात क्षेत्र माहुलीपासून करावी, कारण कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरील घाट आणि 1735 च्या सुमारास श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेले विश्वेश्वराचे मंदिर यांत दगडकामाचे निरनिराळे प्रकार जवळजवळ पाहता येतात. सवड असल्यास वाईचा गणपती घाट आणि मेणवलीचा घाटही पाहावा.

पाऊस उघडल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने पोहोचावे, मात्र शेवाळावरून जपून चालावे. उंचवटे तोवर सुकू लागलेले असतात आणि ओल केवळ सांध्यांत व खोलगट जागी उरते, त्यामुळे कोरड्या दिवशी सपाट भासणाऱ्या जमिनीचा उतार आपोआप दिसू लागतो. चार महिने पाऊस झेलणाऱ्या या उतारावरच्या गावात फरसबंदीचे पहिले काम पाणी वाहून नेण्याचे आहे, असे माझे मत आहे. म्हणून नक्षीकडे नजर जाण्याआधी पाणी कोणत्या कडेला वळते, नालीत कोठे उतरते आणि कोठे साचून राहते, ते पाहावे. पाणी साचते तेथे एक तर खालचा भराव बसलेला असतो, किंवा नंतरच्या दुरुस्तीत दगडाची पातळी चुकलेली असते.

त्यानंतर खाली बसून एकच दगड न्याहाळावा. येथील काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा खडक. काही चिरे एकसंध व घट्ट असतात, तर काहींत वायूच्या बुडबुड्यांनी पडलेली बारीक छिद्रे असतात आणि ती पांढऱ्या खनिजाने भरलेली दिसतात. हा डाग किंवा चुन्याचा शिंतोडा समजून कोणी घासू नये. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि अर्धा फूट जाड चिऱ्याचे वजन साधारण 40 किलो भरते, हे ध्यानात घेतल्यास असे चिरे शक्यतो जवळच्याच खाणीतून का आणले जात, ते वेगळे सांगावे लागत नाही.

सकाळच्या तिरप्या उन्हात छिन्नीचे घाव स्पष्ट उमटतात. ज्या भागावर पाऊल पडत नाही तेथे ते शाबूत असतात, तर पायरीच्या मध्यभागी ते झिजून दगड गुळगुळीत झालेला असतो. बेसाल्ट झिजला की ओला असताना घसरडा होतो, म्हणून पाट्याला टाकी लावावी तसे पाथरवट त्याच्यावर पुन्हा घाव घालत. जुन्या झिजेवर नवे, ताठ घाव दिसले तर ती नंतरची दुरुस्ती समजावी. दगडाची घडाई पाहताना सांधेही पाहावेत: चुन्याचा सांधा पांढरट व भुसभुशीत असतो, सिमेंटचा करडा व कडक. सगळे तुकडे एकाच मापाचे, वाळूवर एकमेकांत अडकवलेले असतील, तर ते अलीकडचे पेव्हिंग ब्लॉक आहेत, एवढे ओळखून पुढे जावे.

विटेचे प्रकरण निराळे आहे. नेदरलँड्समध्ये कडक भाजलेल्या विटांचे रस्ते वाळूवर अंथरतात व गरज पडल्यास उचलून पुन्हा बसवतात. आपल्याकडे वीट मुख्यतः वाड्याच्या जोत्यावरील भिंतींत शोधावी, आणि चौकात ती आढळलीच तर उभी रचली आहे की आडवी, हे पाहावे. साध्या विटेला भारतीय मानकात वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी शोषण्याची मुभा आहे, त्यावरून उघड्या बोळात काळा दगड का परवडतो, हे कळते. जुन्या मऊ विटांचे सांधे सिमेंटने भरले की ओल विटेतून बाहेर पडू पाहते, लोणा (पृष्ठभागावर येणारे पांढरे क्षार) लागतो आणि विटेचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो, तर सांधा जागच्या जागी राहतो.

वाडा खासगी असल्यास मालकांची परवानगी घेतल्याशिवाय चौकात पाऊल ठेवू नये. छायाचित्र काढताना दगडाशेजारी मोजपट्टी ठेवावी आणि त्याच जागेचे एक चित्र दूरूनही घ्यावे, नाही तर कोणता दगड कोठला, हे पुढे सांगता येत नाही. पाइपलाइनसाठी खोदकाम होणार असल्याचे कळले, तर काम सुरू होण्यापूर्वीच अशी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक दगडावर पुसता येईल अशा खडूने क्रमांक घालण्याची आणि दगड त्याच क्रमाने परत बसवण्याची लेखी विनंती नगरपालिकेकडे करावी. उचललेले दगड राडारोड्याच्या ढिगात एकदा मिसळले की त्यांची मूळ जागा कोणालाही ठरवता येत नाही.