अँग्झायटीच्या गोळ्या नीट कशा घ्यायच्या, करंट खाल्लेल्या माणसाकडनं

माझी गोळी मी एकदा स्वतःच्या मनानं बंद केली, कारण काय तर लई भारी वाटत होतं, झोप लागत होती, केएमटी बसच्या गर्दीत छाती धडधडायची थांबली होती, म्हटलं झालं की बरं, आता कशाला उगाच. तीन-चार दिवसांनी संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावावर चालत होतो, मित्रानं मागनं हाक मारली म्हणून मान वळवली तर डोक्यात सर्रकन करंट गेला. परत वळवली, परत करंट. कठड्यावर बसलो, चक्कर, मळमळ, हातपाय गार, मला वाटलं लकवाच मारतोय. डॉक्टरांनी फोनवर निम्मं ऐकलं आणि विचारलं, "गोळी कधी सोडली?"

तर तुमच्या हातात नवीन चिठ्ठी आली असेल तर पहिलं डॉक्टरांना हे विचारा की यातली रोजची गोळी कुठली आणि लागेल तेव्हाची कुठली. आमच्या आईच्या लेखी सगळ्याच "झोपेच्या गोळ्या", पण दोन्हींचं काम पार वेगळं आहे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ह्या रोजच्या. त्यांचा गुण यायला साधारण 2 ते 6 आठवडे लागतात आणि मजा अशी की पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, कधीकधी घालमेल उलट वाढते, आणि बरीच माणसं इथंच "मला हे सूट होत नाही" म्हणून सोडून देतात. सोडू नका, डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करतील नाहीतर वेळ बदलतील. पण जिवाचं बरंवाईट करायचे विचार यायला लागले, खास करून वय 25 च्या आत असेल तर, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा नाहीतर सरकारी दवाखाना, आमच्याकडं सीपीआर. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

रोजची गोळी एखाद्या सवयीला बांधून टाका. माझी स्ट्रिप चहाच्या डब्याशेजारी असते, मागच्या चंदेरी कागदावर पेनानं सोम, मंगळ, बुध लिहिलेलं, म्हणजे "घेतली का नाही" हा अँग्झायटीवाल्या माणसाचा आवडता खेळच बंद. विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर गेली ती गेली, दोन एकदम नाहीत. आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका, मे महिन्यात डिकीचा तवा होतो.

आता लागेल तेव्हाच्या, म्हणजे क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम. ह्या अर्ध्या-एक तासात डोकं शांत करतात आणि म्हणूनच घातक, कारण हात परत परत तिकडंच जातो आणि शरीराला सवय लागते. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितल्यात तितकेच दिवस. दोन्ही चिठ्ठीवरच मिळतात, आणि अल्प्राझोलाम तर सरकारच्या एच वन यादीत आहे, म्हणजे मेडिकलवाल्याला चिठ्ठी बघून वेगळ्या रजिस्टरला नोंद करावी लागते, त्यामुळं तो चिठ्ठी मागतो तेव्हा "ओळखीतला असून असं करतो" म्हणून रुसू नका. 0.25 आणि 0.5 हे आकडे काउंटरवरच वाचा. एकदा मला दुप्पट पॉवरची मिळालेली, दुकान कुठलं ते जाऊ दे, दोन दिवस मी ऑफिसात पेंगत होतो. स्ट्रिप कापून घेतली तर नाव आणि एक्सपायरीचा भाग आपल्याकडं आलाय का बघा. आणि ही गोळी घेऊन गाडी चालवायची नाही, जवळच जायचंय असलं तरी.

दारूचं थेट सांगतो. रानात रश्शाचं जेवण असलं की "एक घोट घे की भावा" होतंच, पण क्लोनाझेपामवर दारू म्हणजे झोपेत श्वास मंदावू शकतो. मी सरळ सांगतो, बीपीची गोळी चालू आहे. खोटं आहे, पण वाद संपतो.

जेवणावरनं आठवलं, तांबडा रस्सा ओरपला की रात्री ॲसिडिटीची गोळी ही आपली पद्धत. त्यात ओमेप्राझोल असेल तर रक्तात एस्सिटालोप्रामचं प्रमाण वाढतं, म्हणजे डोस तोच पण असर जास्त. ह्या रोजच्या गोळ्यांबरोबर आयबुप्रोफेनसारख्या अंगदुखीच्या गोळीनं रक्तस्रावाचा धोका वाढतो, ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची कडक गोळी तर विचारल्याशिवाय नकोच. अश्वगंधा, काढे हे पण डॉक्टरांना सांगायचं, ते हसत नाहीत. दातवाल्या डॉक्टरकडं गेलात तरी चालू गोळ्यांचा फोटो मोबाईलमध्ये पाहिजे. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर गोळी बंद करायच्या आधी विचारा, नंतर नाही. लैंगिक इच्छा कमी होणं हा पण साइड इफेक्ट आहे, लाजून गोळी सोडण्यापेक्षा एक वाक्य बोलून टाका, त्यावर उपाय असतात.

आणि सोडायची कशी, तर पायरी पायरीनं. करंटवाल्या प्रकारानंतर माझी रोजची 10 मिलीग्रॅमची गोळी परत सुरू झाली, नीट बरं वाटायला लागल्यावर पण डॉक्टरांनी बरेच महिने चालूच ठेवली, मग 5 वर आणली. माझा हिशोब तुमचा नव्हे, क्लोनाझेपामचा तर अजून सावकाश असतो, रोज घेत असाल तर एकदम सोडल्यावर फिट सुद्धा येऊ शकते. तोवर घरात आठ दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या आणायच्या, कारण पाव्हण्यांकडं लग्नाला गेल्यावर आठवलं आणि चिठ्ठी राहिली कोल्हापुरात, तर तिकडचा मेडिकलवाला काय तुम्हाला ओळखत नाही.