एक इंग्रजी शब्द नीट कसा शिकावा

‘रोज दहा शब्द पाठ करा’ असा सल्ला देणाऱ्याला महिन्याभराने विचारावं, त्यातले किती शब्द बोलताना वापरले? तीनशे शब्द तोंडओळखीचे होतात आणि ऐन वेळी एकही सुचत नाही. सुचलाच तर पुढेमागे चुकीचं शब्दयोगी अव्यय लटकवून येतो. आठवड्याला पाच शब्द घ्या, पण पुरते घ्या. इथे ‘रिलक्टंट’ (reluctant) हा शब्द धरून सांगतो.

१. निवड. वाचताना दोन वेगळ्या ठिकाणी भेटला तोच शब्द घ्या. एकदाच भेटलेला जाऊ द्या, गरजेचा असेल तर पुन्हा भेटेल.

२. उच्चार. ऑनलाइन कोशातलं स्पीकरचं चिन्ह दाबा आणि तीनदा मोठ्याने म्हणा. उच्चारलेखनात वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ असते, तिच्या पुढच्या अक्षरावर जोर. इथे तो ‘लक्’वर आहे.

३. अर्थ. इंग्रजी-मराठी कोश शेवटी उघडा. तिथे ‘नाखूष’ मिळेल, आणि मग ‘साहेब माझ्यावर नाखूष आहेत’ याचं इंग्रजी करताना तुम्ही तिथे ‘रिलक्टंट’ बसवाल. ते साफ चूक आहे. आधी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. १९७८च्या लाँगमन कोशाने सुमारे २,००० ठरावीक सोप्या शब्दांतच व्याख्या लिहिल्या. १९८७मध्ये आलेल्या कोबिल्ड कोशाने व्याख्याच पूर्ण वाक्यात दिल्या, त्यामुळे अर्थ वाचतावाचताच शब्दाची वाक्यातली जागा कळते. एका शब्दाखाली पाच अर्थ असतील तर पहिलाच उचलू नका. आपल्या वाक्यात बसतो तो शोधा. मराठी प्रतिशब्द त्यानंतर, आणि तोही एका शब्दातच हवा असा हट्ट नको. ‘रिलक्टंट’ला ‘आढेवेढे घेणारा’ जितकं चपखल बसतं तितकं ‘अनिच्छुक’ बसत नाही.

४. वापर. बहुतेकांची गाडी इथे अडते, आणि नेमकी हीच पायरी सगळे गाळतात. ‘अर्थ कळला की लगेच स्वतःचं वाक्य करा’ हा शिक्षकांचा लाडका सल्ला घातक आहे. शब्द इंग्रजी असतो, पण वाक्याचा साचा आपण मराठीतून आणतो. ‘विषयाबद्दल चर्चा’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’, ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरी विथ’, ‘स्टेशनला पोचलो’ म्हणून ‘रीच टू’. तिन्ही चूक, ही क्रियापदं आपलं कर्म थेट घेतात, मध्ये काही लागत नाही. आपले ‘शी’, ‘ला’, ‘बद्दल’ असे गुपचूप इंग्रजीत शिरतात, आणि चुकीचं वाक्य चारदा लिहिलं की तेच जिभेवर बसतं.

म्हणून आधी दुसऱ्यांची वाक्यं गोळा करा. पंधरा पुरेत: चार-पाच कोशातून, उरलेली संपादित बातम्या आणि लेखांतून. ‘अमुक शब्दाची शंभर वाक्यं’ देणारी पानं टाळा. त्यांतली बरीच वाक्यं कुठूनही उचललेली असतात, कुणी तपासलेली नसतात. हाताशी कॉर्पस, म्हणजे खऱ्या वापरातल्या मजकुराचा शोधता येणारा साठा, असेल तर उत्तमच. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे दहा कोटी शब्दांचा मजकूर आहे.

वाक्यं एकाखाली एक लिहा आणि शब्दाच्या डावी-उजवीकडे काय येतं तेवढंच बघा. ‘रिलक्टंट’नंतर पुन्हापुन्हा ‘टू’ आणि मूळ क्रियापद दिसेल: रिलक्टंट टू साइन, रिलक्टंट टू टॉक. ‘फॉर साइनिंग’ दिसणार नाही. नामाआधीही तो येतो, जसं ‘अ रिलक्टंट विटनेस’. ‘रिलक्टंटली’च्या शेजारी ‘ऍग्रीड’ किंवा ‘ऍक्सेप्टेड’ बसलेलं सापडेल. म्हणजे माणूस शेवटी ते काम बहुधा करतो, फक्त मनाविरुद्ध. हा बारकावा प्रतिशब्दात कुठून कळणार?

आता शेजारचे शब्द पारखा. ‘हेझिटंट’ माणूस घुटमळतो, त्याचं अजून ठरलेलं नसतं. ‘रिलक्टंट’ला आपल्याला नको आहे हे ठाऊक असतं. ‘अनविलिंग’ बहुधा तयारच होत नाही. समानार्थी शब्दांच्या यादीत हे तिघे एकाच ओळीत असतात, म्हणून तशा याद्या पाठ करण्यात काही अर्थ नाही.

शब्दाचा कलही तपासा. ‘कॉज’ हे क्रियापद बहुतेक नुकसान, त्रास, अपघात यांच्या संगतीत दिसतं. ‘कॉज हॅपिनेस’ व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं. आपल्या ‘कारणीभूत’चा कल जसा वाईटाकडे, तसंच ते. नाम असेल तर कोशातलं ‘सी’ (मोजता येणारं) किंवा ‘यू’ (न मोजता येणारं) हे अक्षर पाहा. ‘यू’ असेल तर त्या अर्थाने अनेकवचन नाही. ‘इन्फर्मेशन्स’ आणि ‘ऍडव्हायसेस’ लिहिणाऱ्यांनी एवढं एक अक्षर पाहिलं असतं तर भागलं असतं.

हे सगळं झाल्यावर स्वतःची तीन वाक्यं करा, त्याच साच्यात, फक्त माणूस आणि काम बदलून.

५. नोंद. सुटा शब्द आणि अर्थ लिहू नका. कार्डाच्या एका बाजूला शब्दाची जागा रिकामी सोडलेलं वाक्य, दुसऱ्या बाजूला ‘रिलक्टंट टू’ असा जोडीसह शब्द. खाली ‘रिलक्टन्स’ आणि ‘रिलक्टंटली’.

६. उजळणी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हरमन एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, मग वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करा. मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणा. नुसतं वाचून ‘हो, येतं मला’ म्हणणं ही उजळणी नव्हे. शब्द आठवला पण ‘टू’ विसरला, तर ते कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर.