कोंबडीच्या मांसावर संशोधन करायला निघालात? आधी पीएच बघा

पहिल्या मोठ्या प्रयोगात माझ्या तिसऱ्या गटाने बाजी मारली होती. खाद्यात वनस्पतीचा अर्क मिसळलेला गट तो. छातीच्या मांसातून सुटणारं पाणी इतर गटांपेक्षा स्पष्ट कमी, मांस घट्ट, हाताला कोरडं. मी त्याच रात्री आलेख काढून गाइडना पाठवला. उलट एका ओळीचा प्रश्न आला, "पीएच किती?" पीएच मी मोजला होता, पण त्याच्याकडे बघितलं नव्हतं. ६.३ होता, म्हणजे नेहमीपेक्षा बराच वर. आणि आठवड्याच्या शेवटी फ्रिजमधून पिशव्या काढल्या, तर सगळ्यात आधी वास यायला लागला तो याच गटाच्या मांसाला.

मग वही उलटी चाळत गेले. तिसऱ्या गटाचे पिंजरे गाडीत सगळ्यात आधी चढले होते आणि सगळ्यात शेवटी उतरले होते. अर्काचा यात काही हात नव्हता, असं म्हणायलाही मला तोंड नव्हतं, कारण अर्क आणि लांबलेला प्रवास दोन्ही एकाच गटात अडकले होते. आठ महिन्यांचं काम, आणि सांगण्यासारखं काही नाही.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी हीच गोष्ट आधी सांगते, कारण अख्खा विषय तिच्यात आहे. बहुतेक ठिकाणी कामाची वाटणी झालेली असते. एका खोलीत मांसवाले, म्हणजे रंग, पाणी, मऊपणा मोजणारे. दुसऱ्या खोलीत जंतूवाले, प्लेटांवर वाढलेल्या जंतूंच्या वसाहती मोजणारे. मांस मात्र एकच असतं.

जिवंत कोंबडीच्या स्नायूचा पीएच ७.२ च्या आसपास असतो. कत्तलीनंतर रक्तपुरवठा थांबतो, स्नायूतल्या ग्लायकोजेनचं (साठवलेल्या साखरेचं) लॅक्टिक आम्ल होत जातं आणि काही तासांत छातीचा पीएच ५.७ ते ५.९ पर्यंत उतरतो. धडपडीत किंवा थकव्यात ग्लायकोजेन आधीच जळून गेलं असेल, तर आम्ल कमी बनतं आणि पीएच वरच राहतो. अशी प्रथिनं पाणी धरून ठेवतात. मांसवाला खूश. पण थंड, हवेशीर साठवणीत मांस नासवणारे स्युडोमोनास आधी ग्लुकोज खातात आणि ते संपलं की अमिनो आम्लांकडे वळतात. दुर्गंधी येते ती तिथून. ज्या मांसात साखर मुळातच कमी, तिथे ही वेळ लवकर येते. म्हणजे एका खोलीतला उत्तम नमुना दुसऱ्या खोलीत सगळ्यात वाईट निघू शकतो, आणि दोघांचीही मोजणी बरोबर असते.

उलटा प्रकारही आहे. अंग अजून गरम असताना पीएच झपाट्याने खाली आला, तर प्रथिनं बिघडतात. मांस फिकट, मऊ, पाणी सोडणारं होतं. म्हणून एकच पीएच पुरत नाही. कत्तलीनंतर पंधरा-वीस मिनिटांनी एकदा आणि २४ तासांनी एकदा, एवढं तरी करा. पहिल्या वेळचं मोजमाप करताना मांसाचा तुकडा आयोडोअ‍ॅसिटेटच्या द्रावणात वाटून घ्या. त्याने आम्ल बनण्याची क्रिया तिथल्या तिथे थांबते. नाहीतर तुम्ही इलेक्ट्रोड धुवेपर्यंत आकडा सरकलेला असतो. (हे रसायन विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळा.) इलेक्ट्रोडवर चरबीचा थर बसतो आणि आकडे हळूहळू भरकटतात. दर दहा नमुन्यांनी बफरमध्ये, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणात, तपासायची सवय लावलीत, तर पुढचे वाद वाचतील.

प्रक्रिया केंद्रात एक अख्खा दिवस नुसतं उभं राहून बघायची परवानगी मिळत असेल, तर पहिल्या आठवड्यातच घ्या. पुस्तकातली आकृती स्वच्छ असते. प्रत्यक्षात वाफ, गारठा, आवाज आणि न थांबणारी लाइन. पिसं सैल करायचं पाणी ५० ते ६० अंशांच्या दरम्यान का ठेवतात, पिसं काढणारी रबरी बोटं एका पक्ष्याची घाण दुसऱ्यावर कशी नेतात, आतडं फाटलं की काय होतं, हे पाहिल्याशिवाय नमुना कुठून घ्यायचा ते कळत नाही. उपाशी ठेवण्याची वेळ आवर्जून विचारा. साधारण ८ ते १२ तास ठेवतात. कमी ठेवलं तर आतडी भरलेली राहतात आणि फाटतात. फार लांबवलं तर आतड्याचं अस्तर नाजूक होतं, शिवाय भुकेली कोंबडी खालचं तूस आणि विष्ठा टोचून खाते, म्हणजे गळ्याच्या पिशवीत साल्मोनेला, अन्नातून माणसाला आजारी पाडणारा जीवाणू. हा आकडा कुठल्या फॉर्मवर नसतो. उतरवणाऱ्या माणसाला विचारावा लागतो.

नमुना घ्यायच्या पद्धती दोन-तीन आहेत. मानेची कातडी कापून घेणं सोपं आणि सुटसुटीत. अख्खा पक्षी खळबळून घेणं जास्त मेहनतीचं. जाड पिशवीत पक्षी, त्यावर ४०० मिली निर्जंतुक द्रावण, आणि एक मिनिट हलवायचं. मिनिट म्हणजे काय ते तिसऱ्या पक्ष्याला कळतं. पोटाच्या पोकळीत पाणी आत-बाहेर झालं पाहिजे, म्हणून नुसतं डोलवून भागत नाही. पंखाच्या हाडाचं टोक पिशवीला भोक पाडतं आणि जंतूंनी भरलेलं पाणी थेट बुटात. तेव्हा दोन पिशव्या एकात एक घाला. आणि पहिला पक्षी नि तिसावा पक्षी तुम्ही सारख्याच जोराने हलवत नाही हे मान्य करून गटांचा क्रम सरमिसळ करा. माझा तिसरा गट आठवा.

केंद्रात पक्षी पेरॅसेटिक आम्ल किंवा क्लोरीनच्या पाण्यातून निघत असतील, तर त्याचा अंश नमुन्यासोबत बाटलीत येतो आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जंतू मारत राहतो. सगळे नमुने निगेटिव्ह आले की नवखा माणूस आनंदतो. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न सुरक्षा व तपासणी सेवेने २०१६ मध्ये नमुन्यांसाठी हा अंश निष्प्रभ करणारं पेप्टोन वॉटर (जीवाणूंना पोसणारं द्रावण) वापरायला सुरुवात केली. तुमच्या केंद्रात काय फवारतात ते कळल्याशिवाय साधं पेप्टोन वॉटर भरून निघू नका.

कॅम्पायलोबॅक्टर या जीवाणूबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण त्याने मला सगळ्यात जास्त रडवलं. माणसांच्या जुलाबामागे तो इतक्या वेळा असतो हे १९७७ मध्ये मार्टिन स्किरो यांच्या कामानंतर सगळ्यांच्या लक्षात आलं. त्याआधी तो बहुतेक प्रयोगशाळांत वाढतच नसे, कारण त्याचे नखरे कुणी पुरवत नव्हतं. त्याला हवेतला २१ टक्के ऑक्सिजन सोसत नाही आणि अजिबात नसलेलाही चालत नाही. सुमारे ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी नायट्रोजन लागतो. तापमान ४१.५ अंश, म्हणजे जवळपास कोंबडीच्या अंगाइतकंच. साधारण ३० अंशांखाली तो वाढत नाही, त्यामुळे फ्रिजमधल्या मांसावर त्याची संख्या वाढण्याचा प्रश्नच नाही. पण तो टिकतो, आणि आजारी पाडायला त्याला फार संख्या लागत नाही. रॉबिन्सन नावाच्या एका डॉक्टरांनी दुधात ५०० जीवाणू घालून स्वतः प्यायले आणि आजारी पडले. तो अनुभव १९८१ मध्ये छापूनही आला. (तुमची नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही.)

माझ्या प्लेटा सलग तीन आठवडे कोऱ्या आल्या. माध्यम बदललं, प्रतिजैविकाची नवी कुपी फोडली, शेजारच्या प्रयोगशाळेतून त्याच जीवाणूचा ताजा स्ट्रेन (वाण) आणला. काहीच नाही. शेवटी वायूच्या बरणीच्या झाकणातली रबरी कडी बोटाने फिरवून पाहिली, तर एका जागी केसाएवढी चीर. कडी बदलली आणि ४८ तासांनी प्लेटवर त्या करड्या, ओलसर, पसरट वसाहती दिसल्या. सूक्ष्मदर्शकाखाली ते बूच काढायच्या स्क्रूसारखे गिरक्या घेत पळत होते. तेव्हापासून प्रत्येक बरणीत ज्ञात स्ट्रेनची एक प्लेट ठेवल्याशिवाय मी झाकण लावत नाही. ती वाढली नाही, तर तुमच्या कोऱ्या प्लेटांना काही अर्थ नाही.

साल्मोनेला त्यामानाने समजूतदार. २५ ग्रॅम नमुना २२५ मिली पेप्टोन वॉटरमध्ये, ३७ अंशांवर रात्रभर. मग निवडक, म्हणजे इतर जंतूंना रोखणारी द्रवमाध्यमं, मग एक्सएलडी या माध्यमाची प्लेट, लाल वसाहत आणि मधोमध काळा ठिपका. पहिली पायरी कुणी वेळ वाचवायला गाळायला सांगितली तर ऐकू नका. थंडीने आणि रसायनाने अर्धमेले झालेले जीवाणू आधी सावरावे लागतात. निवडक माध्यमात थेट टाकले तर तेच मरतात. आणखी एक, पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी (पद्धत चालते हे दाखवायला मुद्दाम घातलेल्या जीवाणूसाठी) तुमच्या नमुन्यांत सहसा न सापडणारा सेरोव्हार, म्हणजे साल्मोनेलाचा उपप्रकार, निवडा. एखाद्या दिवशी सगळेच नमुने पॉझिटिव्ह आले, तर तुमचाच कंट्रोल पिपेटवरून सांडलाय का, हे लगेच ओळखता येतं.

एकूण जीवाणूंची मोजणी सगळ्यांना क्षुल्लक वाटते. दर ग्रॅममागे संख्या १ कोटीच्या आसपास गेली की वास, १० कोटीच्या आसपास चिकटपणा, हे ढोबळ गणित लक्षात ठेवा. पण वास कुणाचा हेही बघा. मांडीच्या मांसाचा पीएच छातीपेक्षा बराच वर असतो, त्यामुळे तिथे शेवानेला हा मांस नासवणारा जीवाणू वाढतो. छातीच्या आम्लधर्मी मांसात त्याला जमत नाही. एकाच पक्ष्याचे दोन भाग वेगवेगळ्या जंतूंनी नासतात. दोन्ही भाग एकत्र वाटून सरासरी काढणारे प्रबंध मी पाहिलेत.

मांसाच्या मोजमापांत चुका असतात त्या मात्र अगदी घरगुती. पाणी सुटणं मोजताना तुकडा पिशवीत टांगलेला हवा, पिशवीला टेकला की आकडा गेला. वजन करायच्या आधी टिपकागदाने किती दाबायचं ते ठरवा आणि सगळ्या प्रयोगात एकाच माणसाने टिपा. रंगमापक रोज पांढऱ्या फरशीवर जुळवा, छातीची हाडाकडची बाजू घ्या, रक्ताचा डाग टाळा. कातर-बल, म्हणजे मांस कापायला लागणारा जोर, मोजताना पट्टी धाग्यांच्या दिशेने कापा, म्हणजे पातं धाग्यांना आडवं जाईल. छाती कत्तलीनंतर किती तासांनी हाडावरून उतरवली ते लिहाच. चार तासांच्या आत उतरवली, तर मांस आखडतं आणि चामट लागतं; मग तुमच्या खाद्याला दोष देण्यात हशील नाही.

लाकडासारखी कडक छाती हा झपाट्याने वाढणाऱ्या ब्रॉयलरमधला दोष आता जगभर अभ्यासाचा विषय झाला आहे. तो अजूनही मुख्यतः बोटांनी चाचपून, शून्य ते तीन असे गुण देऊन ओळखतात. पन्नास-साठ छात्या एखाद्या अनुभवी माणसासोबत चाचपा, मग स्वतंत्र गुण द्या. शिजवल्यावर कातर-बलात फरक कधी दिसतो, कधी दिसत नाही. दाबून पाहण्याच्या चाचणीत तो जास्त भरवशाने सापडतो.

आता आकडेमोड. तीन नमुन्यांत १००, १०० आणि १०,००,००० जीवाणू निघाले, तर साधी सरासरी तीन लाखांच्या वर जाते. लॉग घेऊन सरासरी काढली तर दोन हजारांच्या आसपास. दुसरीच वापरा. प्लेट कोरी म्हणजे शून्य नव्हे. एक दशांश विरलनातलं, म्हणजे दहापट पातळ केलेल्या नमुन्यातलं, ०.१ मिली पसरलं असेल, तर एक वसाहत म्हणजे ग्रॅममागे १००. त्याखालचं तुम्हाला दिसतच नाही. आणि खाद्य अख्ख्या कप्प्याला दिलं असेल, तर तुमचं एकक कप्पा आहे, कोंबडी नव्हे. दहा कोंबड्यांच्या वीस छात्या मोजून एन (नमुन्यांची संख्या) बरोबर वीस लिहिणाऱ्याला व्हायवात कुणी वाचवू शकत नाही.

पीसीआरबद्दल (डीएनएवरून जंतू ओळखण्याच्या चाचणीबद्दल) इतकंच, की त्याला मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा प्यारा असतो. निर्जंतुक करणाऱ्या रसायनाचा परिणाम फक्त त्यावरून सांगू नका.

वहीत मी आता निकालांच्या आधी एक पान सोडते: उपासाचे तास, गाडीत चढल्याची वेळ, उतरल्याची वेळ, टांगल्याची वेळ, थंड पाण्यात गेल्याची वेळ, छातीच्या गाभ्याचं तापमान ४ अंशांवर कधी आलं, छाती कधी उतरवली, बर्फाच्या पेटीचं झाकण किती वेळा उघडलं. प्रयोगशाळेतला एकही आकडा लिहायच्या आधी हे पान भरलेलं असतं.

आणि वेळापत्रक. गुरुवारी कत्तल ठेवलीत, तर साल्मोनेलाची प्लेट रविवारी वाचावी लागते. म्हणून सगळे सोमवार मागतात. सोमवारी घेतलेल्या नमुन्यांची एकूण मोजणी ७२ तासांनी, म्हणजे गुरुवारी वाचायची. त्याच दिवशी साठवणीचा तिसरा दिवस असतो आणि नव्या प्लेटा लागतात. त्या वाचायच्या रविवारी.