दवाखान्यातल्या लेकरांसाठी खेळणी द्यायची असतील तर

आपल्याकडं परभणी, हिंगोली, बीडहून लोकं लेकराला घेऊन संभाजीनगरच्या घाटीत (तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात) येतात, आठ आठ दिवस मुक्काम पडतो आन खेळायला असतं काय तर आईचा मोबाईल, त्याची पण चार्जिंग संपलेली. म्हणून खेळणी देणाऱ्या संस्थांना मदत करा, पण आधी फोन करून काय पाहिजे ते विचारा.

मी एकदा न विचारता मोठ्ठे टेडी घेऊन गेलो होतो (दवाखाना कोणता ते जाऊद्या), सिस्टरनी दारातूनच परत पाठवलं, म्हणे भाऊ हे धुणार कोण, एकाचा खोकला दुसऱ्याला लागतो. बरोबरच होतं तिचं. तेव्हापासून पुसता येईल असंच घेतो, प्लॅस्टिकचे ठोकळे, लुडो, सापशिडी, नवी चित्रांची वही आन खडू. एका हाताला सलाईन असते, तर दुसऱ्या हातानं खेळता आलं पाहिजे हे बगा. बारक्यांना सोंगट्या नको, तोंडात घालतात. बटन सेल आन फुगे तर नकोच. डब्यावर आयएसआय मार्क पाहा, 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना तो कंपल्सरी आहे.

पैसेच द्यायचे असतील तर 80जी ची पावती (देणगीवर टॅक्समधी सूट मागायला लागते ती) मागा, आन ऑनलाईन द्या, 2000 च्या वर रोख दिले की टॅक्समधी सूट मिळत नाही.

आन फोटो? लेकराचा नका काढू, खेळण्याचा काढा.