नर्सिंगचं पहिलं सेमिस्टर: गाईड झाकून अभ्यास

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बऱ्याच मुलामुलींची दहावी मराठीतून होते, पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स इंग्रजीतून, आणि बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्याच आठवड्यात ॲनाटॉमीचं जाडजूड पुस्तक समोर येतं. मग कुणी सीनियर गाईड देतं. त्यात उत्तरं तयार असल्याने जीव भांड्यात पडतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. तयार उत्तर चार वेळा वाचलं की ते ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे पाठ झालं असा समज होतो. पेपरात मात्र तेच उत्तर कोऱ्या पानावर, इंग्रजीत, आठवून लिहायचं असतं.

आधी गाईडचं वय तपासा. 2021 पासून इंडियन नर्सिंग कौन्सिलने सेमिस्टर पद्धत आणली. त्यानुसार पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी, अप्लाइड ॲनाटॉमी, अप्लाइड फिजिऑलॉजी, अप्लाइड सोशिऑलॉजी, अप्लाइड सायकॉलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशन एक. गाईडमध्ये पहिल्याच वर्षाला मायक्रोबायोलॉजी असेल आणि सोशिऑलॉजी दुसऱ्या वर्षाला ढकललेली असेल, तर ते जुन्या वार्षिक पद्धतीचं आहे. त्यातल्या आकृत्या आणि व्याख्या चालतील, प्रश्नांचा अंदाज चालणार नाही. मोबाईलवर फुकट मिळणारी अमेरिकन गाईडंही जपून वापरा. ती तिथल्या लायसन्सच्या परीक्षेसाठी लिहिलेली असतात, त्यामुळे त्यांत बहुपर्यायी प्रश्नांचाच भरणा असतो. शिवाय पॅरासिटामॉलला तिथे ॲसिटामिनोफेन म्हणतात आणि ॲड्रेनॅलिनला एपिनेफ्रिन.

ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी मिळून एकच 75 गुणांचा पेपर असतो: पहिला भाग 37 गुणांचा, दुसरा 38 चा. सोशिऑलॉजी-सायकॉलॉजीचंही तसंच. प्रत्येकी 25 इंटर्नल, म्हणजे कॉलेजने द्यायचे गुण. पास व्हायला 50 टक्के लागतात, आणि 80 टक्के हजेरी नसेल तर पेपरलाच बसता येत नाही. नर्सिंग फाउंडेशनचे पहिल्या सेमिस्टरचे गुण इंटर्नलचे असतात आणि ते पुढच्या सेमिस्टरच्या इंटर्नलमध्ये धरले जातात. 'याचा युनिव्हर्सिटी पेपर नाही' म्हणून ते सोडून देणाऱ्यांना दुसऱ्या सेमिस्टरला ते जड जातं.

आता गाईड वापरायचं कसं. कर्नाटकच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाखालच्या कॉलेजात असाल तर विद्यापीठाच्या वेबसाइटवरून जुने पेपर उतरवून घ्या. अभिमत विद्यापीठात असाल तर लायब्ररीत मागा. सिलॅबसची झेरॉक्स काढा आणि जुन्या पेपरातला प्रत्येक प्रश्न सिलॅबसच्या त्या-त्या युनिटसमोर पेन्सिलीने टिपा. तासाभराचं काम आहे. यातून कुठल्या युनिटवर दहा गुणांचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि कुठल्या युनिटवर फक्त दोन-दोन गुणांचे, हे दिसतं. गाईड उघडायचं ते यानंतर.

एका बैठकीला एकच प्रश्न घ्या. आधी पाठ्यपुस्तकातून तो भाग समजून घ्या, मग गाईडमधलं उत्तर वीस मिनिटं वाचा. गाईड मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा, आकृतीसकट. नंतर गाईड उघडून सुटलेले मुद्दे लाल पेनने त्याच कागदावर घाला. पुढच्या वेळी फक्त लाल भाग पाहायचा. तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग दहाव्या दिवशी पुन्हा झाकून लिहा. पहिल्यांदा अर्धंच आठवलं तर बिघडत नाही. अर्धं आठवलं म्हणून गाईड उघडं ठेवून उतरवत बसलात तर मात्र हात दुखेल, हाती काही लागणार नाही.

हृदयातल्या रक्ताभिसरणाचं उदाहरण घेऊ. गाईडमध्ये रंगीत आकृती असते. ती बघून काढू नका. आधी चौकोनाचे चार कप्पे करा आणि वर 'राइट', 'लेफ्ट' लिहा. इथेच पहिली चूक होते: आकृतीतली डावी बाजू म्हणजे पेशंटची उजवी, कारण पेशंट आपल्याकडे तोंड करून असतो. मग बाणांनी रस्ता लिहा: सुपिरियर आणि इन्फिरियर व्हेना कॅव्हा, राइट एट्रियम, ट्रायकस्पिड झडप, राइट व्हेंट्रिकल, पल्मोनरी झडप, पल्मोनरी आर्टरी, फुप्फुसं, पल्मोनरी व्हेन्स, लेफ्ट एट्रियम, मायट्रल झडप, लेफ्ट व्हेंट्रिकल, एओर्टिक झडप, एओर्टा. दुसरी हमखास चूक पल्मोनरी आर्टरीची. शाळेत 'धमनी म्हणजे शुद्ध रक्त' असं डोक्यात बसलेलं असतं. धमनी हृदयापासून दूर नेते आणि शिरा हृदयाकडे आणते, एवढीच व्याख्या धरा. म्हणजे पल्मोनरी आर्टरीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त का, हे पाठ करावं लागत नाही. लगेच फिजिऑलॉजीही जोडा: एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर, मिनिटाला 72 ठोके, म्हणजे कार्डियाक आउटपुट, मिनिटाला हृदयातून बाहेर पडणारं रक्त, साधारण 5 लिटर. हा हिशेब उत्तरात मांडला की तपासणाऱ्याला समजलेलं दिसतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी शब्दांची वेगळी वही करावी. एका बाजूला इंग्रजी शब्द स्पेलिंगसह, दुसऱ्या बाजूला मराठीत अर्थ. शब्द फोडून लिहा: हायपो कमी, हायपर जास्त, ब्रॅडी मंद, टॅकी जलद. कानाने शिकलेल्या शब्दांत फसगत होते. इलियम दोन आहेत: एक लहान आतड्याचा शेवटचा भाग (ileum), दुसरं कमरेचं हाड (ilium). उच्चार एकच, फरक मधल्या एका अक्षराचा, आणि पेपरात त्या एका अक्षरावर उत्तर जातं. समजून घेणं मराठीत चालेल, किंबहुना तेच बरं. लिहिण्याचा सराव मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच करा.

सोशिऑलॉजी-सायकॉलॉजी गाईडवरून सहज निघतात असं वाटतं, म्हणून लोक तिथेच गुण घालवतात. व्याख्या, वैशिष्ट्यं, एक उदाहरण आणि शेवटी नर्सिंगमधला उपयोग, एवढे चार भाग प्रत्येक उत्तरात हवेत. गाईडमध्ये उपयोगाचा भाग बहुधा दोन ओळींचा असतो. तो तुम्ही वाढवा. संयुक्त कुटुंबावर लिहिताना, पेशंटला घरी सोडताना पथ्य सासूला समजावायचं की सुनेला, हा प्रश्न आपल्या वॉर्डात रोजचा आहे.

नर्सिंग फाउंडेशनची प्रोसिजर नुसती वाचून येत नाही. गाईडमधल्या प्रत्येक पायरीसमोर 'का' लिहा. बीपी घेताना हात हृदयाच्या पातळीवर का? हात खाली लोंबला तर आकडा जास्त येतो. दंडाला गुंडाळायचा कफ (पट्टा) लहान पडला तरी जास्तच येतो. हवा सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर पाऱ्याच्या वेगाने सोडायची, कारण घाईने सोडली तर पहिला ठोका निसटतो. मग मैत्रिणीचं बीपी घेत पायऱ्या तोंडाने म्हणा, व्हायव्हाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तयारी त्यातच होते. वॉर्डात पेशंट कन्नड बोलणारे असतील, तेव्हा 'नोवु एल्लिदे?' म्हणजे कुठे दुखतंय, एवढं तरी वहीत असू द्या.

शेवटच्या आठवड्यात नवीन गाईड आणू नका. घड्याळ लावून एक अख्खा पेपर लिहा. तीन तासांत 75 गुण, म्हणजे गुणाला दोन मिनिटं धरली तर अर्धा तास हातात उरतो. दहा गुणांना वीस मिनिटं, पाचाला दहा, दोनाला चार. पहिल्या मोठ्या प्रश्नावर चाळीस मिनिटं गेली की शेवटचे दोन-दोन गुणांचे प्रश्न कोरे राहतात, आणि ते तर सगळ्यांत सोपे असतात.