किशोर गटातून प्रो कबड्डीपर्यंत : नागपूरच्या खेळाडूने वाटचाल कशी करावी

२०१७ च्या ऑगस्ट महिन्यात प्रो कबड्डी लीगमधील बेंगळुरू बुल्स संघाचे घरचे सामने नागपुरातील मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात झाले. तेव्हापासून ‘मला प्रो कबड्डी खेळायची आहे’ असे सांगणारी मुले नागपुरात सहज भेटतात. मात्र त्यांच्या घरी बहुधा एकच समजूत असते, ती म्हणजे मुलगा चांगला खेळत राहिला की कोणीतरी त्याला पाहीलच. पाहणारी माणसे कोणत्या स्पर्धेला येऊन बसतात, हे आधी समजून घ्यावे आणि त्यानुसार वर्षाची आखणी करावी.

नागपूरच्या खेळाडूपुढे दोन वाटा असतात. पहिली कबड्डी संघटनेची : वस्तीतल्या मंडळाकडून नोंदणी, जिल्हा अजिंक्यपद स्पर्धा, विदर्भाचा संघ आणि तेथून राष्ट्रीय स्पर्धा. कबड्डीत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापेक्षा वेगळा उतरतो, त्यामुळे मुंबई, पुणे, सांगली येथील खेळाडूंच्या गर्दीत न शिरताही आपल्या मुलाला राष्ट्रीय स्पर्धा गाठता येते. ही सवलत आपल्याकडचे पालक पुरेशी ओळखत नाहीत, असे माझे मत आहे. दुसरी वाट शालेय स्पर्धांची. १४, १७ आणि १९ वर्षांखालील या गटांत शाळेमार्फत प्रवेश होतो आणि राज्य पातळीवर गेल्यावर त्याच मुंबई-पुण्याच्या मुलांशी गाठ पडते. दोन्ही वाटा धराव्यात : संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत व्यावसायिक संघांची नजर असते, तर शालेय प्रमाणपत्रे दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी आणि पुढे नोकरीसाठी कामी येतात.

कागदपत्रांचे काम पालकांनी स्वतःकडे घ्यावे. किशोर गट १६ वर्षांपर्यंत आणि कुमार गट २० वर्षांपर्यंत असल्यामुळे जन्मतारखेची छाननी कसून होते. माझ्याकडे सराव करणाऱ्या एका उत्तम कोपरारक्षकाच्या (कोपऱ्यात उभा राहणारा बचावपटू) जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव एका प्रकारे आणि आधार कार्डावर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले होते. दुरुस्ती होऊन येईपर्यंत संघ रवाना झाला आणि त्या मुलाचे किशोर गटातले शेवटचे वर्ष वाया गेले. जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेचा दाखला एका फायलीत ठेवून तिन्हींवरील अक्षरे जूनमध्येच ताडून पाहावीत.

किशोर गटातून कुमार गटात जाताना मुले सर्वाधिक अडखळतात आणि त्याचे कारण मैदानातच असते. किशोर गटाचे मैदान ११ बाय ८ मीटर असते, तर कुमार मुलांना पुरुषांप्रमाणेच १३ बाय १० मीटरवर खेळावे लागते. निदानरेषा (चढाईपटूला ओलांडावीच लागणारी रेषा) मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर जाते आणि जादा गुण मिळवून देणारी बोनस रेषा तिच्याही पुढे एक मीटर असते. जो चढाईपटू कालपर्यंत दोन पावलांत बोनस घेऊन परतत होता, त्याला आता तिसरे पाऊल टाकावे लागते आणि नेमक्या त्या पावलावर कोपरारक्षक त्याचा घोटा धरतो. बचावपटूलाही हाच धडा नव्याने शिकावा लागतो : चढाईपटूचा पाय पुढे आला म्हणून झेप घ्यायची नसते, त्या पायावर त्याच्या शरीराचा भार पडेपर्यंत थांबायचे असते. हा अर्ध्या क्षणाचा धीर अंगी येण्यासाठी रोज एकाच जोडीदाराबरोबर एकाच कोपऱ्यात शंभर-दीडशे वेळा सराव करावा. चढाई, कोपरा की मध्यरक्षण हे सतराव्या वर्षापर्यंत ठरलेले बरे. ‘सगळीकडे खेळतो’ असे सांगणारा मुलगा निवड समितीला कोठेच दिसत नाही.

आठवड्यातून किमान दोन दिवस मॅटवरचा सराव मिळवावा, त्यासाठी लांब जावे लागले तरी. मातीवर पाय घसरतो, मॅटवर तो चिकटतो. वरचे शरीर वळते, तळवा जागीच राहतो आणि गुडघ्याचे लिगामेंट दुखावते. त्यामुळे मॅटवर वेग वाढवण्यापूर्वी मांड्यांची ताकद आणि एका पायावरचा तोल यांवर दोन-तीन महिने घालवावेत.

किशोर आणि कुमार गटांतल्या वजनमर्यादेचे प्रकरण नागपुरात विशेष जपून हाताळावे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत दोन किलो उतरवण्यासाठी पाणी तोडून, जॅकेट घालून धावणे हा जिवाशी खेळ आहे. वजन दोन महिने आधीपासून आहारातून आणावे आणि मे महिन्यातला सराव सकाळी सात वाजता आटोपलेला असावा. जिमवाल्याने दिलेली पावडर घेऊ नये, कारण उत्तेजक चाचणीत सापडल्यावर ‘माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही.

गावोगावच्या रोख बक्षिसांच्या स्पर्धांबद्दल मी कडक आहे. त्यांतून धीटपणा येतो आणि चार पैसेही मिळतात, परंतु जिल्हा निवड चाचणीच्या आधीच्या पंधरवड्यात अशी एकही स्पर्धा खेळू नये.

प्रो कबड्डीत तरुणांना दोन दारांनी प्रवेश मिळतो. एक लिलावाचे, ज्यात अलीकडच्या हंगामांत सर्वांत खालच्या ‘ड’ श्रेणीची मूळ किंमत ९ लाख रुपये राहिली आहे. दुसरे नव्या तरुण खेळाडूंच्या योजनेचे, ज्यात संघ निवड चाचणी घेऊन थेट करार करतात. इंग्लंडच्या रग्बी लीगमध्ये क्लब शाळकरी वयातच मुलगा हेरून स्वतःच्या अकादमीत घडवतात. आपल्याकडे तोपर्यंतचा खर्च घरालाच सोसावा लागतो, म्हणून करारावर सही करण्यापूर्वी दुखापतीचा खर्च कोण उचलणार आणि मुलगा किती हंगाम बांधला जाणार, ही दोन कलमे जाणकाराकडून वाचून घ्यावीत. करार हाती आला तरी पदवी सोडू नये : विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येते आणि रेल्वे, पोलीस किंवा राज्य शासनाच्या पाच टक्के क्रीडा आरक्षणातल्या पदासाठी अर्ज करताना शैक्षणिक पात्रता आधी तपासली जाते.